सदाभाऊची अर्धी मोटार

आता हातात पाना ठरत नाही. मुलगा म्हणतो, "अब्बा, तुम बाज पे बैठो, सिरफ बोलते जाव." बसून सांगायचंच आहे, तर ज्या गाडीची आठवण निघाली की आजही अंगावर काटा येतो, तिचंच सांगतो.

माझं मोटारदुरुस्तीचं दुकान वाशिमला, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या भिंतीला लागून. दुकान म्हणजे वर पत्रे, खाली तेलानं काळी झालेली जमीन, एक भाता आणि एक ऐरण. त्या काळात आमच्या भागात मोटारी इतक्या थोड्या, की लांबून आवाज आला तरी कोणाची गाडी ते पोरंसोरं सांगत. माणसं इंजिनाकडं देवाकडं पाहावं तशी पाहत. रिठदच्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं, "मिस्त्री, याच्या पोटात किती घोडे हाय म्हंता?" मी म्हटलं, वीस. त्यानं वाकून खाली पाहिलं आणि म्हणाला, "मंग लीद कुठं पडते?" मी त्याला खाली ठिबकलेलं काळं तेल दाखवलं. त्याचं समाधान झालं. त्याला मी हसलो, पण खरं सांगू का? इतकी वर्षं इंजिनं उघडली, तरी चार लोखंडी डब्यांत ठिणगी पडते आणि त्यावर खंडीभर सरकी डोंगर चढते, याचं नवल माझंही कधी सरलं नाही.

सदाभाऊ शेलूबाजारचा. बापजाद्यांपासून गाडीवान, बैलगाडीवर मालाची ने-आण करणारी माणसं. त्यानं लिलावात एका साहेबाची जुनी मोटार घेतली. मागची गादी, टप, दारं सगळं कापून टाकलं आणि सुताराकडून तिथं बाभळीच्या फळ्यांचं खाचर बसवून घेतलं. तोंड मोटारीचं, धड बैलगाडीचं. लोक तिला अर्धी मोटार म्हणत. सरकी, ढेप, मिरची, रॉकेलचे डबे, बाजाराच्या दिवशी माणसं, पोहरादेवीच्या जत्रेला तर फळीफळीला लटकलेली माणसं, सगळं तिच्यावरून गेलं.

अशा जुन्या गाडीची दुखणी ठरलेली असतात. रेडिएटर गळला तर पाण्यात हळद टाकायची. ती भेगेत जाऊन बसते आणि गाव येईतो वेळ निभते. तो खर्च घरातल्या डब्यातला. चाकावरच्या कमानीचा पाटा तुटला तर लोहाराकडं. मजुरीवर काम होतं. प्लग काजळला, कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला, ही चहापानावर होणारी कामं. गिअरचे दात गेले की मात्र मालकाचा चेहरा उतरतो. आणि बेअरिंग वितळलं, तर एका बैलाची किंमत गेली असं समजावं. पिस्टनचा दांडा ज्या वाटीत फिरतो, तिच्यात मऊ पांढऱ्या धातूचं अस्तर असतं. तेल कमी पडलं किंवा इंजिनाला ताण बसला की ते अस्तर वितळून जातं आणि लोखंडावर लोखंड आदळायला लागतं. मग इंजिन पूर्ण उतरवायचं, धातू नव्यानं ओतायचा आणि पातं घेऊन दिवसचे दिवस खरवडत बसायचं. तेव्हा तर दुसरी मोठी लढाई चालू होती. मुंबईहून सुटे भाग येणं बंद झालेलं. जे काय करायचं ते आमचं आम्ही.

पण बेअरिंग एकाएकी जात नाही. आधी बोलतं. गाडी बिघडली की मिस्त्री पहिल्यांदा कान लावतो, पाना नंतर. माझ्याकडं सागाची एक सरळ काठी होती. तिचं एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानाशी. आतलं सगळं ऐकू येतं. झडपेची टिकटिक निराळी, पिस्टनची थाप निराळी, आणि बेअरिंगचा ठोका म्हणजे बंद दारावर कोणी मूठ मारावी तसा.

सदाभाऊला काठी लागत नसे. गाडी चालवता चालवताच त्याला समजे. माल उतरवून सरळ माझ्याकडं येई आणि म्हणे, "मिस्त्री, डाव्या अंगाले कायतरी टिचून राह्यलं. पाह्य बरं." मी पाहायचो, तर एखादी खीळ सैल झालेली असायची. बिघाड व्हायच्या आधी गाडी आणणारं असं गिऱ्हाईक मला दुसरं मिळालं नाही. मी त्याला म्हणायचो, "सदाभाऊ, तुझ्यासारखे दहा निघाले तर मी उपाशी मरीन."

मग त्याला काय झालं कळेना. एका पावसाळ्यानंतर तो आला तो गिअरचे दात झडलेली गाडी घेऊन. पुढं बेअरिंग वितळवून आला. त्याची दुरुस्ती केली, सरकीचा सगळा हंगाम त्या खर्चात गेला, आणि महिना-दोन महिन्यांत पुन्हा तेच. मी रागावलो. म्हटलं, "अरे, ठोका वाजत असताना कोसन् कोस गाडी हाकलतोस? तुझे कान कुठं गेले?" तो नुसता हसला आणि म्हणाला, "हो हो, पाऊसपाणी बरं हाय." मला वाटलं, हा प्यायला लागला, नाहीतर माझी टर उडवतो.

आणखी एक गोष्ट झाली. त्याची बायको भागाबाई गाडीत त्याच्या शेजारी बसून येऊ लागली. रोज, प्रत्येक खेपेला. त्या काळी ड्रायव्हरच्या बाजूला बाईमाणूस बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. अडतीवरचे हमाल दात काढत, "सदाभाऊले बायकोबिगर करमतच नाई." ती खाली मान घालून बसे, डोईवरचा पदर हलू देत नसे. त्यांना मूलबाळ नव्हतं, घरी दोघंच. मीही मनात म्हटलं, असेल एकेकाची तऱ्हा.

मग तो दिवस आला. पंखा घासत होता म्हणून मी इंजिनात हात घालून वाकलो होतो. सदाभाऊ समोर हँडल धरून उभा. तेव्हा गाडी हँडल फिरवूनच चालू करावी लागे. मी म्हटलं, "थांब, मारू नको, हात आत हाय." आणि त्यानं हँडल मारलं.

पंख्यानं बाहीच ओढून घेतली. भागाबाई वरून किंचाळली आणि त्याच दमात खाली उडी टाकून तिनं नवऱ्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. माझी बाही कोपरापर्यंत फाटली होती, एका बोटाचं कातडं निघालं होतं. हात वाचला.

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. तो पांढराफटक पडून माझ्या ओठांकडं पाहत होता. भागाबाई मध्ये आली. मोठ्यानं रडूही शकत नव्हती बिचारी. आवाज फाटलेला होता.

"मिस्त्रीभाऊ, त्याइले मारू नोका. त्याइले आयकू येत नाई. कायच आयकू येत नाई."

तेव्हा समजलं. मागच्या पावसाळ्यात तापानं पडला, दोन्ही कान फुटले, पू वाहिला, आणि कान सुकले तेव्हा आवाज गेलेला. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, आतले पडदे गेले. ही गोष्ट दोघांनी कोणाला कळू दिली नाही. बहिऱ्याला माल कोण देणार, आणि लायसन कोण ठेवणार?

"म्हून मी बसतो बाजूले," ती म्हणाली. "मांगून भोंगा वाजला की खांद्यावर एक थाप मारतो. इंजिन वरडलं की मांडीवर चिमटा घेतो, मंग ते गिअर बदलतात. मले मोटारीचं काय समजते, भाऊ? समजलं तेवढं सांगतो."

ही बाई गिअर म्हणजे काय ते कोणाकडून शिकली नव्हती. नुसत्या आवाजावर, हसणाऱ्या लोकांच्या पुढून, खालमानेनं बसून, ती वर्षभर एक मोटार आणि एक माणूस चालवत होती.

पण माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. मी तिला म्हटलं, "भागाबाई, आज माझा हात होता. उद्या कोणाचं लेकरू चाकाखाली येईल. आणि ऐक, बेअरिंग पुन्हा बोलून राह्यलं आहे. मी आता ही गाडी दुरुस्त करणार नाही. घरी ठेवा."

तिनं ते त्याला खुणांनी सांगितलं. सदाभाऊ एकदम उसळला. बहिरा माणूस बोलतो तसा, गरजेपेक्षा मोठ्यानं.

"गाडी ठीक हाय! माह्या पायाले समजते! बेअरिंग आत्ता तर भरलं तुनं. पुना कायले जाईल? तुले काम पायजे म्हून सांगून राह्यला!"

इतक्या वर्षांची ओळख, आणि हे बोलणं. मला ते फार लागलं. मी हँडल मारलं, इंजिन चालू केलं, काठी आणली आणि त्याच्या हातात दिली. इंजिनाकडं बोट दाखवलं. म्हणजे, घे, तूच पाहा.

त्यानं काठी टेकवली. एका कानाला लावून पाहिली, दुसऱ्याला लावून पाहिली. डोकं हलवलं. पुन्हा लावली. मग त्याचा राग ओसरला आणि तो थकून, शेतातला राखण्या जसा काठीवर हनुवटी टेकून उभा राहतो, तसा त्या काठीवर वाकला. खालचं टोक इंजिनावरच होतं; हनुवटी घसरली आणि वरचं टोक दातांवर आलं.

तो जागच्या जागी थिजला.

मला वाटलं चक्कर आली. मी पुढं झालो, तर त्यानं हातानं मला मागं सारलं. मग त्यानं तोंड उघडलं आणि काठीचं टोक दातांत गच्च धरलं. डोळे मिटले. इंजिन चालू होतं. मी त्याच्या तोंडाकडं पाहत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या तोंडावरची एकेक सुरकुती बदलत गेली. काठीचं खालचं टोक तो सरकवत होता. पहिल्या डब्यावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. तिसऱ्यावर थांबला. परत मागं गेला, परत तिथंच आला. मग काठी तोंडातून काढली.

"तिसरं," तो म्हणाला. या वेळी हळू आवाजात. "मिस्त्री, तिसरं बेअरिंग ठोकून राह्यलं. तुयं खरं हाय." आणि मग, "मले आयकू आलं."

मी इंजिन बंद केलं. त्यानं काठी दातांत धरून ती ऐरणीवर टेकवली आणि मला हातानं खूण केली. मी हातोडा मारला. तो दचकला आणि हसला. पुन्हा मार म्हणाला. मग भात्यावर टेकवली, जिनिंगच्या भिंतीवर टेकवली. पलीकडं यंत्रं चालू होती. त्या भिंतीशी तो किती वेळ उभा होता कोण जाणे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि काठीवरून खाली उतरत होतं. माझ्या तोंडून आपोआप अल्लाचं नाव निघालं. भागाबाईनं हात जोडले होते. कोणाला जोडले, ते तिलाही ठाऊक नसावं.

तिच्याकडं पाहून मला सुचलं. मी म्हटलं, "भागाबाई, काठीचं ते टोक गळ्याला लावा. गळ्याच्या घाटीला. आणि बोला."

ती लाजली. परक्या माणसासमोर, भर दुकानात! मी तोंड फिरवलं आणि भात्याशी उगाच काहीतरी करत बसलो. मागं तिच्या बांगड्या वाजल्या. मग तिचा आवाज आला.

"आयकू येते?"

त्यानं मान हलवली असेल. वर्षभर ज्याच्याशी बोलता आलं नाही, तो समोर ऐकत उभा होता आणि तिला शब्द सुचेना. शेवटी म्हणाली, "सकाऊनपासून भाकर नाई खाल्ली तुमी."

मला राहवलं नाही, मी वळून पाहिलं. सदाभाऊनं काठी तोंडातून काढली होती आणि तो बायकोकडं असा पाहत होता, जणू ती कुठल्या लांबच्या गावाहून आली आहे.

"तुया आवाज असा काहून फाटला?" त्यानं विचारलं.

तिनं काठीचं टोक पुन्हा गळ्याला लावलं. त्यानं आपलं टोक दातांत धरलं.

"वरडून वरडून," ती म्हणाली. "तुमाले हाका मारून."

मी भात्याकडं तोंड केलं ते मग बराच वेळ वळलो नाही.

त्याच दिवशी त्यानं गाडी चालवणं सोडलं. कोणी सांगायची गरज पडली नाही. हँडल काढून त्यानं माझ्या हातात दिलं. म्हणाला, "मले वाटे, मले पायाले समजते. आज आयकलं तवा समजलं, किती सुटून राह्यलं होतं. मांगून कोणी वरडत असन, अन् मी चाललो आपला." मी काठीचं टोक गळ्याला लावून म्हटलं, गाडी चालेल रे, दुसरा ड्रायव्हर ठेव. तर म्हणाला, "ठेवतो. पण आदी ते तिसरं बेअरिंग भर. अन् खरवडायले मी बसतो. पैसा कमी लागन."

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. ड्रायव्हर ठेवून ती अर्धी मोटार लढाई संपेतो चालली. मग फळ्या सडल्या, सांगाडा वाकला. इंजिन मात्र इतकं धडधाकट होतं, की रिठदच्या एका शेतकऱ्यानं ते नेऊन विहिरीवर बसवलं आणि त्यावर पाणी उपसलं. सदाभाऊ आणि भागाबाई वाशिमलाच राहायला आले. तो माझ्या दुकानात कामाला लागला. कारंजाहून, रिसोडहून गाड्या येत, तो काठी दातांत धरून इंजिनाभोवती एक फेरी मारी आणि बोट ठेवी. गिऱ्हाइकाचं अर्धं इंजिन विनाकारण उघडायचं वाचे. खर्च तिथंच निम्मा. माझ्या कानाला जे कधी लागलं नाही, ते त्याच्या दातांना लागे. माझा कान चांगला होता. पण त्याच्याइतकं ऐकणं मला जमलं नाही, कारण मी कधी एक वर्ष पूर्ण मुक्या जगात काढलं नव्हतं.

खूप वर्षांनी एका डॉक्टरांची मोटार दुरुस्तीला आली तेव्हा मी त्यांना हे विचारलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं. कानाचा पडदा गेला तरी आतला भाग शाबूत असू शकतो. आवाज दातांतून, कवटीच्या हाडातून थेट तिथं पोचतो. त्यात जादू काही नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं, त्यातही जादू काही नाही, हे मला माहीत आहे. तरी रोज सकाळी इंजिन चालू झालं की माझं बोट नकळत कपाळाकडं जातं. कारण कळलं म्हणून नवल कमी होतं असं मला काही वाटत नाही.

मला खंत एकच आहे. तेव्हा आमच्या भागात कितीतरी माणसं कान फुटून बहिरी झालेली होती. घराच्या कोपऱ्यात बसलेली, लोक वेडी समजत अशी. माझ्या दुकानात काठी होती आणि ती गोष्ट मला ठाऊक झाली होती. पण दुकान सोडून गावोगाव जाऊन त्यांच्या दातांना एकदा काठी लावून पाहावी, हे मला म्हातारपणी सुचलं. तोवर त्यांतली बरीचशी गेली होती.

आता त्या संध्याकाळचं सांगून थांबतो. गाडी माझ्याकडं ठेवली, तेव्हा दोघांना शेलूबाजारला परत जायचं होतं. मोटार नाही, म्हणून बाजारातून परतणारी एक रिकामी बैलगाडी मी थांबवली. गाडीवान ओळखीचा निघाला. तो पुढं बसला, ही दोघं मागं, कडबा पसरून. काठी मी त्यांनाच दिली आणि नाक्यापर्यंत सोबत गेलो.

नाक्यावर नेहमीचे हमाल विड्या ओढत बसले होते. एकानं तोंड उघडलंच होतं, "सदाभाऊ, आज मोटार—" आणि तो तिथंच थांबला. कारण गाडीत ती दोघं समोरासमोर बसली होती. काठीचं एक टोक सदाभाऊच्या दातांत, दुसरं भागाबाईच्या गळ्याशी. डोईवरचा पदर तिनं पुढं ओढून काठीवर धरला होता, आणि त्या पदराआड ती बोलत होती. काय बोलत होती ते कोणाला ऐकू येत नव्हतं. आता तिला ओरडावं लागत नव्हतं. सदाभाऊ मध्येच मान हलवी, मध्येच हसे. एकदा त्यानं बायकोचा हात धरला, भर रस्त्यात, आणि सोडला नाही. हमालांच्या हातातल्या विड्या हातातच राहिल्या. कोणी हसलं नाही. गाडीवान बैलांच्या शिंगांकडं पाहत होता, जणू मागं कोणी नाहीच.

बैलाच्या चालीनं शेलूबाजारला पोचायला पार रात्र होणार होती. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी पाहत उभा राहिलो. तिचं बोलणं चालूच होतं. मला वाटलं, एवढा रस्ता तिला काही पुरायचा नाही.